खरे शंभर किलो

७१.४

कुंदा चित्रे पहिल्यांदा मनापासून काट्यावर उभी राहिली तेव्हा काट्याने दाखवलेला हा आकडा. वय सेहेचाळीस, राहणार शिरगाव, बदलापूर पूर्व. नोकरी अंबरनाथच्या एमआयडीसीत, रंगाच्या कारखान्यात, क्वालिटी विभागात. तिथले सगळे वजनकाटे तिच्या ताब्यात. रोज सकाळी कपाटातली प्रमाण वजनं चिमट्याने उचलून काट्यावर ठेवायची, काटा खरं बोलतोय ना ते बघायचं, सही करायची आणि मगच कामगारांना पावडर मोजू द्यायची. बावीस वर्षं हेच. तिची सही पडल्याशिवाय त्या कारखान्यात निळा रंगसुद्धा निळा होत नसे.

दोन वर्षांपूर्वी गुडघा दुखतो म्हणून ती रूपेशच्या जिममध्ये गेली. गुडघा राहिला बाजूला, बाई तिथल्या लोखंडाच्याच प्रेमात पडली. जमिनीवर ठेवलेला बार दोन्ही हातांनी धरायचा आणि सरळ उभं राहायचं. याला डेडलिफ्ट म्हणतात. बस, एवढंच. पहिल्या दिवशी तीस किलो. दोन वर्षांनी एकशे पाच. त्या दिवशी घरी आल्यावर तिने नवऱ्याला, दिनानाथला, सोफ्यासकट सरकवून खाली केर काढला होता. तो पेपर वाचत होता, त्याने पान उलटलं फक्त.

मग डॉक्टरांनी सोनोग्राफी बघून सांगितलं, यकृतावर चरबी आहे, सात-आठ किलो उतरवा.

आणि रूपेशने सांगितलं, "मॅडम, जिल्ह्याची स्पर्धा येतेय. चाळिशीच्या पुढच्या बायकांचा वेगळा गट आहे. तुम्ही आत्ताच्या वजनाने उतरलात, किंवा एकोणसत्तरच्या गटात उतरलात, तर तिथे कल्याणची एक बाई आहे. एकशे तीस ओढते. तिच्यापुढे आपण टाळ्या वाजवायला जायचं. त्रेसष्टच्या गटात या. तिथे राज्याच्या संघात जागा आहे, लिहून देतो."

डॉक्टर आणि रूपेश दोघांचं बोट एकाच दिशेला. कुंदाला ते पटलंही. भीती होती ती एकच: चरबीच्या पाठोपाठ ताकदही निघून गेली तर? ही ताकद तिला उशिरा मिळाली होती. आईकडून आली नव्हती, सासरी कुणी दिली नव्हती. ती अशीच वितळून जाऊ द्यायला कुंदा तयार नव्हती. म्हणून तिने वहीच्या पहिल्या पानावर नियम लिहिला:

डेडलिफ्ट शंभराच्या खाली गेली की डाएट बंद. त्रेसष्ट विसरायचं. रडायचं नाही.

६९.८

एक भाकरी. पूर्वी अडीच.

भात मोजून शिजवायचा, मोजून वाढायचा. शेंगदाण्याची चटणी चमच्याने, आणि तो चमचा सपाट. रोज चार अंडी, तीही बाल्कनीतल्या वेगळ्या शेगडीवर, कारण दिनानाथला स्वयंपाकघरात वास चालत नाही.

"कुंदा, तुझा चेहरा बसला गं," दिनानाथ म्हणाला.

"चेहरा नाही बसला, गाल बसले. चेहरा आत होता, तो आता दिसायला लागला."

६६.८

६६.८

६६.९

६६.८

असे अकरा दिवस. या दिवसांत काहीही घडलं नाही, म्हणून इथे काही लिहिलेलं नाही.

६५.९

पहिली घट बेंचमध्ये आली. बेंच म्हणजे बाकावर उताणं पडून छातीपर्यंत आणलेला बार वर ढकलायचा. जिल्ह्याच्या स्पर्धेत हे दोनच प्रकार होते, बेंच आणि डेडलिफ्ट. तिचे बेंचचे पंचेचाळीस किलो साडेबेचाळीसवर आले, पंधरा दिवसांनी चाळीसवर.

"घाबरू नका," रूपेश म्हणाला. "अंग उतरलं की बेंच पहिली जाते. छातीवरची गादी कमी होते ना मॅडम, बारला जास्त लांब जावं लागतं. डेडलिफ्ट शेवटपर्यंत टिकते. उलट पोट मधे येत नाही म्हणून वाकायला बरं पडतं."

आणि खरंच, डेडलिफ्टचे एकशे पाच जागचे हलले नव्हते. कुंदाने बेंचचे चाळीस वहीत लिहिले आणि फार मनाला लावून घेतलं नाही. अडीच भाकऱ्यांवरची बाई आणि एका भाकरीवरची बाई यांच्यात काहीतरी फरक पडणारच की.

६५.१

सोमवार. जिममध्ये नव्या प्लेटा आलेल्या. काळ्या, जाड, मधोमध वीसचा आकडा उठावाने कोरलेला. रूपेशने उल्हासनगरात एका जुन्या लोखंडवाल्याकडून उचलल्या होत्या. ती फुशारकी तो सगळ्यांना ऐकवत होता: "तो काका म्हणाला, साईं, एक ग्राम भी कम निकला तो मुंह पे फेंक के मारना!" जुन्या लाल प्लेटा त्याने पायांच्या मशीनवर हलवल्या.

वजन लावायला येसू होती. येसू बारवी धरणाच्या वरच्या अंगाच्या एका पाड्यावरची, वय तेवीस, पोलीस भरतीच्या तयारीसाठी जिममध्ये येणारी. भाताची पोती आणि लाकडाच्या मोळ्या वाहतच मोठी झालेली. तिने काळी प्लेट उचलली आणि थांबली.

"ताई, ह्या नव्या जड हायेत."

"वीसचीच आहे गं. लिहिलंय बघ."

"लिवलेलं मला पण दिसतंय. पण जड हाय."

"येसूबाई, रात्री जेवली नाहीस काय?" कोपऱ्यातून प्रेम म्हणाला. प्रेम हा जिमचा हिरो. एकशे ऐंशीची डेडलिफ्ट मारतानाचा त्याचा रील बदलापूरभर फिरलेला. सगळे हसले. येसूने प्लेट बारवर सरकवली.

बारवर शंभर. कुंदाने धरले, श्वास घेतला, ओढले.

जमीन सोडली नाही.

पुन्हा. नाही. तिसऱ्यांदा बार एका बाजूने जरासा कुरकुरला आणि जिथल्या तिथे बसला.

गुरुवारी पंच्याण्णव लावून पाहिले. आले, पण दाराला अडकलेलं कपाट बाहेर काढावं तसे आले.

यावर लोक काय म्हणाले

रूपेश: "मॅडम, बॉडी आहे. एक लिमिट असते."

दिनानाथ: "मी सांगत होतो. भाकरी."

प्रेम: "काकू, कार्ब सायकलिंग करा ना, सिंपल आहे. मी यूट्यूबची लिंक पाठवतो."

दिनानाथ, पुन्हा, ताट वाढताना: "नुसती चव म्हणून घे अर्धी."

धाकटी नणंद भारती, फोनवर: "अगं वहिनी, या वयात कशाला हाडं मोडून घेतेस? छान बारीक झाली आहेस, आता साड्या नेस."

येसू: तिला विचारलंच कुणी नव्हतं.

६४.६

नियम स्वच्छ होता. शंभराच्या खाली, म्हणजे बंद. स्पर्धेची नावं रविवारी दुपारी बारापर्यंत पाठवायची होती. शुक्रवारी कारखान्यात डबा खाताना कुंदाने वही उघडली ती नियमापुढे सही करायला. पण बावीस वर्षांची खोड. सही करण्याआधी ती प्रत्येक आकडा डोळ्यांपुढे मांडून पाहते. तिने आलेखाचा कागद काढला. आडव्या रेघेवर तारखा, उभ्या रेघेवर किलो. आधी बेंच, मग डेडलिफ्ट.

बेंचची रेघ अंबरनाथच्या शिवमंदिराच्या मागच्या उतारासारखी आली. हळूहळू, सांभाळून खाली.

डेडलिफ्टची रेघ मात्र चार महिने सरळ चालली आणि एका सोमवारी जिन्यावरून पाय घसरावा तशी खाली पडली.

कुंदाने डब्याचं झाकण लावलं.

काट्यांच्या बाबतीत तिला एक गोष्ट झोपेतही सांगता आली असती. काटा झिजतो तेव्हा आकडे रोज थोडे थोडे सरकतात. आकडा एका दिवसात उडी मारतो तेव्हा काहीही झिजलेलं नसतं. कुणीतरी काहीतरी बदललेलं असतं. कामगार म्हणतो हवा दमट होती, सुपरवायझर म्हणतो माल खराब आला. ती कुणाचं ऐकत नाही, ती विचारते, सोमवारी काय बदललं?

आता तिने तेच स्वतःला विचारलं. सोमवारी मी काय वेगळं खाल्लं? काही नाही. झोप? तेवढीच. मग सोमवारी काय बदललं?

काळ्या प्लेटा.

आणि पहिल्याच दिवशी येसूने हातात धरून सांगितलं होतं. कुंदाने, कुंदा चित्रेने, आकडा वाचून दाखवला होता! कारखान्यात दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तिने त्याला दिवसभर उभं केलं असतं. बावीस वर्षं न तपासलेल्या काट्यावर तिने चिमूटभर पावडर मोजू दिली नाही, आणि दोन वर्षं स्वतःची ताकद मात्र न तपासलेल्या लोखंडावर मोजत बसली.

तिला राग यायला हवा होता. पण तिला भूक लागली, आणि बऱ्याच दिवसांनी ती बरी वाटली.

६४.३

रविवार, सकाळचे साडेनऊ. जिमसमोर नरेंद्रशेठचं धान्याचं दुकान आहे. कुंदा काउंटरपाशी उभी राहिली.

"शेठ, तुमच्या मोठ्या काट्याची सरकारी पडताळणी कधी झाली?"

नरेंद्रशेठांच्या हातातली साखरेची पुडी तिथेच राहिली. "मॅडम... सर्टिफिकेट आहे. लॅमिनेट करून ठेवलंय. हे बघा. आपला धंदा एकदम चोख आहे, कुणालाही विचारा."

"मी खात्यातली नाही हो. समोर जिमला येते. मला काटा हवाय, तासभर."

शेठांचा जीव भांड्यात पडला आणि लगेच आवाजही वर आला. "काटा दुकानाच्या बाहेर जाणार नाही!"

"नको जाऊ दे. लोखंड इकडे येईल."

शिरगावच्या त्या रस्त्याने रविवारी सकाळी बरंच काही पाहिलंय, पण ही वरात पहिल्यांदाच पाहिली. पुढे येसू, दोन्ही हातांत एकेक काळी प्लेट. मागे जिमची पोरं, छातीशी प्लेटा धरून, गणपती आणावेत तशी. सगळ्यात मागे रूपेश, चेहरा पाडून.

"मॅडम, कशाला हा तमाशा? आकडा असतो की प्लेटवर."

"गोणीवरही असतो. म्हणून शेठ मोजून घ्यायचं थांबतात का?"

"कधीच नाही," नरेंद्रशेठ म्हणाले. त्यांना आता मजा यायला लागली होती. तांदूळ घ्यायला आलेल्या दोन बायका पिशव्या खाली ठेवून बघत उभ्या राहिल्या.

कुंदाने आधी काटाच तपासला. शेठांचं शिक्का मारलेलं दहा किलोचं वजन चारही कोपऱ्यांवर ठेवून पाहिलं, मग मधोमध. दहा, दहा, दहा, दहा, दहा. "छान आहे काटा." शेठ असे फुलले की जणू त्यांच्या मुलाचा निकाल लागला.

मग काळ्या प्लेटा. येसू ठेवायची, कुंदा वाचायची, रूपेश खडूने लिहायचा.

एकवीस किलो आठशे. बावीस शंभर. एकवीस सहाशे. एकवीस शंभर. सगळ्यात हलकी वीस नऊशे.

"आई शप्पथ," रूपेश म्हणाला.

"तुझा उल्हासनगरचा काका खोटं बोलला नाही," कुंदा म्हणाली. "एक ग्रामही कमी निघालं नाही. जास्तीचं तू विचारलंच नाहीस."

येसूने दोन्ही तळवे एकमेकांवर झटकले आणि प्रेमकडे बघितलं. "मी जेवून आले होते, बरं का."

सोमवारी बारवर शंभर लिहिले होते ते खरे एकशे सहाच्या वर होते. तेवढे कुंदाने जन्मात कधी उचलले नव्हते, उचलले जाण्याचं कारणही नव्हतं. गुरुवारचे पंच्याण्णव म्हणजे खरे अठ्ठ्याण्णव. पोरांनी ओरडा केला, कुणीतरी शिट्टी मारली. "काकू पास! काकू पास!"

"थांबा," कुंदा म्हणाली. "लाल आणा."

"लाल कशाला?" हे प्रेमने विचारलं, जरा जास्तच पटकन.

"माझे एकशे पाच लालवर आले होते. एकच बाजू तपासून सही करत नाही मी."

"काकू, जाऊ दे ना. उन्हात कुठे पोरांना..."

"प्रेम. लाल."

लाल आल्या. एकोणीस शंभर. अठरा नऊशे. अठरा आठशे. आठच्या आठ प्लेटांत विसाची एकही नाही, सगळ्या एकोणीसच्या आसपास.

पोरं मनातल्या मनात आपापल्या प्लेटा मोजत होती. आठ लाल प्लेटा आणि वीसचा बार, प्रेमचा रील. येसूने सगळ्यांच्या आधी उत्तर काढलं. "एकशे बहात्तर."

"तो रील बावीस हजार लोकांनी बघितलाय!" प्रेम म्हणाला.

"त्यातल्या एकानेही काटा आणला नव्हता, तू कशाला काळजी करतोस?" तांदूळवाल्या बायकांपैकी एक म्हणाली, आणि दुकान हसून फुटलं. प्रेमही शेवटी हसला, पण खिशातून फोन काढून हसला.

कुंदा हसत नव्हती. तिचे एकशे पाच म्हणजे खरे एकशे एक. ती अभिमानाने सांगत होती तो आकडा चार किलोंनी फुगलेला होता, आणि ज्या घटीने तिला घाबरवलं तीही फुगलेलीच. दोन्ही बाजूंची हवा काढली तर उरत होतं ते असं: एकाहत्तर किलोंची बाई एकशे एक उचलत होती, चौसष्ट किलोंची बाई निदान अठ्ठ्याण्णव उचलते. सात किलो गेले, ताकद जेमतेम तीन किलो.

बेंचचं मात्र काही सुटलं नाही. बेंचला ती दहाच्या लहान प्लेटा वापरते. त्याही काट्यावर ठेवून झाल्या. चोख दहा निघाल्या. तिथली घट खरी होती.

"मॅडम, अकरा वाजले," रूपेश म्हणाला. "मी फॉर्म भरतो. त्रेसष्ट टाकू ना? तुमचा नियम एकशे पाचमधून पाच माफ करतो. इथे तीनच गेलेत."

"अठ्ठ्याण्णव मी उचलले होते न तपासलेल्या बारवर, अंदाजाने. आणि नियमात शंभर लिहिलेत. बार आण. तोही मोज."

बार वीस किलो साठ ग्रॅम निघाला. लोखंड परत जिममध्ये आलं आणि कुंदाने खडूचे आकडे बघून जोड्या लावल्या. वीस नऊशेच्या काळीला एकोणीस शंभरची लाल. एकवीस शंभरच्या काळीला अठरा नऊशेची लाल. एका बाजूला चाळीस, दुसऱ्या बाजूलाही चाळीस. शिरगावात त्या क्षणी याहून खरे शंभर किलो कुठे नसतील.

"आत्ता उचलणार?" मागून आवाज आला. दिनानाथ होता, हातात डबा. कुणीतरी त्याला फोन केला असणार. "दीड तास लोखंड वाहतेयस. सकाळपासून पोटात काय आहे?"

"कॉफी."

"मग आधी हे खा. नाहीतर उचलू नकोस. बार माझा नाही, पण बायको माझी आहे."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. दिनानाथ लाजला. डब्यात दहीभात होता, वर लिंबाच्या लोणच्याची फोड.

"मोजलात?"

"नाही."

कुंदाने डब्याकडे बघितलं. तीन आठवड्यांत अजून सव्वा किलो उतरवायचं होतं, आणि हा डबा नक्कीच तीन वाट्यांचा होता. मग तिने जिमच्या पायरीवर बसून सगळा खाल्ला. बोटं चाटली. पोरं आपापसात कुजबुजत होती, येसू बारला खडूची भुकटी लावत होती, घड्याळात अकरा वीस झाले, आणि ती जेवत राहिली.

६४.९

भातासकट.

अकरा चाळीस. तिने बुटांच्या नाड्या सोडल्या आणि मोज्यांवर उभी राहिली. बार नडग्यांना टेकला. पोट आता मधे येत नव्हतं. ती पूर्वीपेक्षा सहज खाली गेली, पाठ ताठ, नजर समोरच्या भिंतीवरच्या पंख्याच्या बटणावर. कोण काय ओरडत होतं ते तिला पुढे आठवलं नाही. तिने बार ओढला नाही, पायांनी जमीन खाली ढकलली.

एक क्षण काहीच नाही.

मग प्लेटांमधून हलकासा खणखणाट, आणि बार जमिनीवरून सुटला. गुडघ्यापाशी मंदावला. सोमवारी इथवर आलाच नव्हता. तिने दात आवळले, कुल्ले पुढे आणले, आणि मंदावलेला बार मंदपणेच, पण न थांबता, मांड्यांवरून वर आला. ती उभी होती. खांदे मागे. हातांत शंभर. एक, दोन, तीन असे मनात मोजून मगच तिने तो खाली ठेवला. टाकला नाही, ठेवला.

दिनानाथने डोळे उघडले. "झालं?"

"झालं ना!" येसू ओरडली. "तुमी बघितलं नाय?"

रूपेश फोन घेऊन धावत आला. अंगठा स्क्रीनवर. "नाव, कुंदा दिनानाथ चित्रे. वजनगट?"

"त्रेसष्ट."

"डेडलिफ्टची पहिली उचल?"

"साडेब्याण्णव. पहिली उचल तापातसुद्धा आली पाहिजे. तीन संधींतल्या पुढच्या दोन तिथे गेल्यावर बघू."

"बेंचची पहिली? पंचेचाळीस लिहू? तिथे जोश असतो, मॅडम, निघून जाईल."

कुंदा हातावरची भुकटी पुसत होती. पंचेचाळीस तिने खरंच उचलले होते, चोख प्लेटांवर, अडीच भाकऱ्या खाऊन.

"साडेसदतीस."

"अहो, आधीपेक्षा साडेसात कमी! लोक काय म्हणतील?"

"बेंच उतरलीये, रूपेश. मोजून बघितलंय. साडेसदतीस लिही, आणि बारा वाजायच्या आत पाठव."

त्याने लिहिलं. अकरा त्रेपन्नला फॉर्म गेला. मग कुंदाने येसूला हाक मारली, आणि दोघी मिळून प्लेटांवरचे खडूचे खरे आकडे रंगाने पक्के करायला बसल्या.